निजलेल्या यंत्राचा चार अक्षरी निरोप आणि पेटंट कचेरीतील त्याची पारख

संघाच्या चिटणीसांनी यंदाच्या स्मरणिकेसाठी “व्यापारी बंधूंस उपयोगी पडेल असे काही” लिहून देण्याची आज्ञा केली, तेव्हा सोयाबीनचे भाव किंवा मंडीतील लिलाव ह्यांपैकी एखादा नेहमीचा विषय घ्यावा असे प्रथम मनात आले. परंतु त्या विषयांवर अधिकाराने लिहिणारी मंडळी आपल्या संघात पुष्कळ आहेत. गेली काही वर्षे आमच्या घरात मात्र एका निराळ्याच विषयाची चर्चा जेवणाच्या ताटापर्यंत येऊन पोहोचली आहे. माझ्या चुलत बहिणीचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, ह्याने धान्याच्या गोदामातील ओल मोजून तिचा आकडा बिनतारी मार्गाने मालकास कळविणारे एक लहानसे यंत्र बनविले, आणि तो निरोप पाठविण्याच्या रीतीबद्दल मुंबईच्या पेटंट कचेरीकडे अर्ज केला. कचेरीने त्यावर काढलेले आक्षेप त्याच्यासोबत वाचता वाचता ह्या विषयाची मलाही गोडी लागली. त्यातून जे समजले ते सभासद बंधुभगिनींपुढे ठेवीत आहे. वाचकांपैकी जे ह्या शास्त्राचे जाणकार असतील त्यांनी माझ्या घरगुती दृष्टांतांबद्दल रागावू नये.

आपल्यातील वडीलधाऱ्यांस ट्रंक कॉल आठवत असेल. धारहून मुंबईच्या अडत्याशी बोलावयाचे तर आधी एक्स्चेंजकडे नंबर नोंदवावा, मग तास दोन तास फोनपाशी बसून राहावे, निकड असेल तर ‘अर्जंट’ किंवा ‘लाइटनिंग’ दराचे पैसे मोजावेत, आणि शेवटी लाइन जुळल्यावर विचारावयाचे काय, तर “आजचा भाव काय निघाला?” उत्तर दोन शब्दांचे. त्या दोन शब्दांसाठी तीन गावांच्या एक्स्चेंजमधील माणसे कामाला लागत. म्हणूनच शहाण्या पेढ्या भावासाठी ट्रंक कॉल करीत नसत, तार करीत. तारेत शब्दागणिक आकार पडे, म्हणून सांकेतिक कोश असत आणि एका शब्दात अख्खा सौदा बसविला जाई. ती तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. पुढे मोबाइल आला तेव्हा आपल्याच लोकांनी ‘मिस्ड कॉल’ची युक्ती काढली. एक घंटी म्हणजे माल निघाला, दोन घंट्या म्हणजे पैसे पोहोचले. थोडक्यात, निरोप लहान आणि तो पोहोचविण्याची यातायात मोठी, ही अडचण व्यापाऱ्यास नवीन नाही.

आता हीच अडचण यंत्रांस आली आहे. विजेचा स्मार्ट मीटर, ट्रकवर बसविलेला ठिकाण कळविणारा ट्रॅकर, जामगोदराणीच्या टेकड्यांवरील पवनचक्क्यांवर बसविता येण्याजोगे मापक, गोदामातील ओल मोजणारे साधन, ह्या सर्वांस दिवसातून काही वेळा दहा-वीस आकडे पाठवावयाचे असतात. संगणकाच्या हिशेबात रोमन लिपीचे एक अक्षर एका बाइटात मावते. आपल्या देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास प्रचलित पद्धतीत तीन बाइट लागतात. गोदामाचा एक निरोप चाळीस-पन्नास बाइटांत सहज बसतो. परंतु तो पाठविण्यापूर्वी यंत्राने टॉवरास हाक मारावयाची, टॉवराने वेळ नेमून द्यावयाची, यंत्राने आपली ओळख सांगावयाची, कुलूपकिल्ल्या ठरावयाच्या, मार्ग जुळावयाचा, आणि मग कोठे तो निरोप निघावयाचा. निरोपापेक्षा त्यामागच्या बोलण्याचेच वजन अधिक होते. ह्यात यंत्राची बॅटरी खर्च होते, आणि अशी हजारो यंत्रे एका टॉवराखाली आली म्हणजे टॉवराचाही वेळ फुकट जातो.

टॉवर आणि यंत्र ह्यांचे नाते पूर्वी दोनच प्रकारचे असे. एक जोडलेले, म्हणजे गिऱ्हाईक गादीवर बसलेले आहे आणि खातेवही उघडी आहे. दुसरे सुटलेले, म्हणजे गिऱ्हाईक गेले, खाते मिटले, पुन्हा आले तर सारे पहिल्यापासून. २०१८ मध्ये पूर्ण झालेल्या पाचव्या पिढीच्या पहिल्या मानकाने ह्यांच्यामध्ये एक तिसरी स्थिती घातली. तिला ‘निष्क्रिय’ स्थिती म्हणतात. हिच्यात गिऱ्हाईक घरी गेलेले असते, पण त्याचे खाते शेवटच्या टॉवराने मिटविलेले नसते. किल्ल्या, ओळख, मार्ग ह्यांची नोंद तेथे जपून ठेवलेली असते, आणि यंत्राजवळ त्या खात्याचा एक क्रमांक असतो. परत आल्यावर तो क्रमांक सांगितला की व्यवहार पुढे सुरू. त्या क्रमांकासोबत आपण तेच आहोत ह्याची एक सांकेतिक खूणही यंत्रास द्यावी लागते, नाहीतर कोणीही येऊन दुसऱ्याच्या खात्यावर माल उचलील.

तरीसुद्धा सुरुवातीस नियम असा होता की निरोप लहान असो वा मोठा, आधी जोडलेल्या स्थितीत यावे, मगच बोलावे. तेव्हा पुढचा प्रश्न सहज निघाला की खाते जर उघडेच आहे, तर गिऱ्हाइकाने दारातूनच दोन शब्द सांगून परत का जाऊ नये? २०२२ मध्ये पूर्ण झालेल्या सतराव्या आवृत्तीत ह्यास मान्यता मिळाली, आणि त्याचे दोन मार्ग ठरले. पहिल्या मार्गात यंत्र नेहमीप्रमाणे हाक मारते. टॉवर उत्तर देतो. आणि तिसऱ्या संदेशात, जेथे यंत्र आपला खातेक्रमांक सांगते तेथेच, निरोपही जोडून दिला जातो. हाक आणि निरोप एकाच वेळी देण्याचा आणखी आखूड प्रकारही आहे. दुसऱ्या मार्गात हाक मारण्याचेच कारण उरत नाही. टॉवराने जाताना सांगून ठेवलेले असते की अमुक वेळी, अमुक जागी तुझी खिडकी राखून ठेवली आहे; तेव्हा ये, निरोप टाक आणि जा.

पहिल्या मार्गात धोका टकरीचा. हाक मारण्याचे सूर एका वेळी फार तर ६४ असतात, आणि दोन यंत्रांनी योगायोगाने एकच सूर निवडला तर टॉवरास कोण बोलले ते कळत नाही. दुसऱ्या मार्गात धोका वेळेचा. बिनतारी लहर एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जाते. यंत्र टॉवरापासून जितके दूर, तितके त्याने आधी बोलावे लागते, म्हणजे त्याचा शब्द नेमक्या खिडकीत पडतो. यंत्र हलले की हा हिशेब चुकतो आणि त्याचा निरोप शेजाऱ्याच्या खिडकीत पडून दोघांचेही नुकसान होते. म्हणून नियम असा की आधीची वेळ अजून खरी आहे काय ह्याची यंत्राने खात्री करून घ्यावी, आणि ती खात्री टॉवराच्या लहरीचा जोर किती बदलला ह्यावरून करावी.

वाचकांनी एवढे मात्र लक्षात घ्यावे की आपल्या गल्ल्यावर “दहा रुपये प्राप्त हुए” असे ओरडणारा डबा हा अद्याप बहुधा जुन्या पिढ्यांच्या जाळ्यावरच चालतो, आणि त्याच्याकडे निरोप येतो, त्याच्याकडून जात नाही. टॉवराकडून निजलेल्या यंत्राकडे लहान निरोप धाडण्याची सोय पुढल्या, अठराव्या आवृत्तीत, २०२४ मध्ये आली. चौथ्या पिढीतही मीटरांसारख्या साधनांसाठी अशाच दोन युक्त्या आधी निघाल्या होत्या. २०१८ मधील एकीत हाकेसोबतच निरोप देता येई, आणि २०२० मधील दुसरीत जागा आधी राखून ठेवलेली असे. ह्या दोन तारखा पुढे उपयोगी पडणार आहेत.

आता पेटंटाकडे वळू. हिंदुस्थानात अशा हक्काचा पहिला कायदा १८५६ चा. कलकत्त्याचे एक इंजिनियर जॉर्ज आल्फ्रेड डीपेनिंग ह्यांनी त्या वर्षी ३ मार्च रोजी पंखा ओढण्याच्या यंत्रासाठी पहिला अर्ज केला. सध्याचा कायदा १९७० चा. तो २० एप्रिल १९७२ पासून अमलात आला, आणि १९९९, २००२ व २००५ साली त्यात मोठ्या दुरुस्त्या झाल्या. अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे हा हक्क चालतो. मध्य प्रदेशातील अर्जदारांसाठी कचेरी मुंबईची, अँटॉप हिलवरील बौद्धिक संपदा भवनात. म्हणजे धार आणि देवासचा माणूस राज्याने भोपाळचा असला तरी पेटंटाच्या बाबतीत तो मुंबईकरच आहे, आणि कचेरीच्या निकालावर अपील करावयाचे तर तेही, २०२१ साली स्वतंत्र अपील मंडळ रद्द झाल्यापासून, मुंबई उच्च न्यायालयाकडे. आपल्या दोन्ही संस्थानांची कागदपत्रे एके काळी मराठीत लिहिली जात. मुंबईशी हे नाते टिकून आहे ही मला तरी समाधानाची गोष्ट वाटते.

येथे थोडे विषयांतर क्षम्य व्हावे. मुंबईचे शंकर आबाजी भिसे ह्यांनी छपाईचे खिळे पाडणाऱ्या यंत्रावर विलायतेत आणि अमेरिकेत पेटंटे मिळविली. दादाभाई नौरोजींचा त्यांना पाठिंबा होता, सर रतन टाटांचे भांडवल काही काळ मिळाले. १९३५ साली ते न्यूयॉर्कमध्ये वारले. आचार्य जगदीशचंद्र बसूंस बिनतारी लहरी ओळखणाऱ्या खनिज-स्फटिकाच्या साधनाबद्दल १९०४ मध्ये अमेरिकन पेटंट मिळाले, परंतु त्यांचे मन त्यात नव्हते. एकाला पेटंटाची चाड होती आणि भांडवलाची विवंचना. दुसऱ्याला पेटंटाचीच अनिच्छा. आमच्या भाच्याच्या अंगी ह्या दोहोंपैकी काहीच नव्हते. त्याच्या अंगी होती ती फक्त घाई.

पेटंटाच्या अर्जाचा प्राण म्हणजे त्याचे दावे. पुढे पाऊणशे पाने वर्णन असले तरी हक्क मिळतो तो शेवटच्या चार-पाच पानांतील दाव्यांत जेवढे लिहिले असेल तेवढ्यावरच. देवासच्या मंडळींस हे समजावून देणे सोपे आहे. आपल्या गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्ये १९४८ पर्यंत शेजारी शेजारी नांदली, आणि त्यांची सीमा गावाच्या मुख्य रस्त्यावरून जाई. रस्त्याच्या ह्या बाजूचे दुकान एका महाराजांचे, त्या बाजूचे दुसऱ्या महाराजांचे. ओटा चार बोटे पुढे आला की तक्रार. दावा म्हणजे अशी सीमारेषा. ती फार पुढे आखली तर दुसऱ्याच्या हद्दीत जाते आणि अर्ज नामंजूर होतो. फार मागे घेतली तर हाती नुसती भिंत राहते.

अर्ज दिला म्हणजे तपासणी आपोआप होत नाही. ती मागावी लागते, आणि मार्च २०२४ च्या नव्या नियमांनंतर ती मागणी पहिल्या तारखेपासून ३१ महिन्यांच्या आत करावी लागते. पूर्वी ही मुदत ४८ महिन्यांची होती. अर्ज साधारणपणे १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो. त्यानंतर परीक्षक आक्षेपांचा पहिला अहवाल काढतो, आणि त्यास सहा महिन्यांत उत्तर द्यावे लागते. आणखी तीन महिने मागून मिळू शकतात. एकटा माणूस, नवउद्योग, लहान उद्योग किंवा शिक्षणसंस्था असेल तर ऑनलाइन अर्जाची सरकारी फी १,६०० रुपये आणि तपासणीची ४,००० रुपये; मोठ्या कंपनीस हेच ८,००० आणि २०,००० पडतात. खरा खर्च मसुदा करणाऱ्या एजंटाचा. तो मात्र प्रत्येकाने आपापल्या हिमतीवर ठरवावा.

निजलेल्या यंत्राने लहान निरोप पाठविण्याच्या रीतीवर असा अर्ज आला म्हणजे परीक्षक काय पाहतो? तो सर्वांत आधी हे पाहतो की ही वस्तू पेटंटास पात्र अशा जातीची आहे काय. कायद्याच्या कलम ३ मधील ‘के’ ह्या पोटकलमाने गणिती रीत, व्यापाराची रीत, निव्वळ संगणक-प्रोग्राम आणि अल्गोरिदम ह्यांस पेटंट नाकारले आहे. निरोप अमुक बाइटांपेक्षा लहान असेल तर दारातून सांग, मोठा असेल तर आत ये, ही तुलना पाहिली तर निव्वळ गणितच दिसते. पहिला आक्षेप बहुधा येथेच येतो. त्यावर अर्जदाराचे म्हणणे असे असते की तुलना गणिती असली तरी तिचा परिणाम कागदावर होत नाही, लहरींवर होतो. संदेशांची संख्या घटते, बॅटरी वाचते, टॉवराचा वेळ मोकळा होतो. दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये फेरीद अल्लानी ह्यांच्या प्रकरणात हेच तत्त्व सांगितले की शोधात प्रोग्राम आहे एवढ्याच कारणाने तो बाद होत नाही. त्याचा तांत्रिक परिणाम काय हे पाहिले पाहिजे. त्यामुळे यंत्राने आणि टॉवराने काय करावयाचे ह्याचे दावे पुष्कळदा तरून जातात, परंतु ‘हा प्रोग्राम साठविलेली तबकडी’ अशा धर्तीचे, परदेशात चालणारे दावे येथे बहुधा गाळावे लागतात. मला हा नियम न्याय्य वाटतो. पाककृती कोणत्या वहीत लिहिली ह्यावर हक्क कशाला?

दुसरी पारख नावीन्याची. ह्या क्षेत्रात ती फार कठीण आहे, आणि त्याचे कारण मौजेचे आहे. मानक ठरविणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळाच्या बैठका वर्षातून अनेक वेळा भरतात. प्रत्येक बैठकीपूर्वी निरनिराळ्या कंपन्यांची शेकडो टिपणे मंडळाच्या खुल्या भांडारात ठेवली जातात. ती जगात कोणीही वाचू शकतो. टिपण ज्या दिवशी तेथे पडले त्या दिवसापासून ते सार्वजनिक ज्ञान झाले. म्हणून सावध कंपन्या आधी पेटंटाचा अर्ज करतात आणि मग टिपण टाकतात. कधी कधी दोन्हींत एका-दोन दिवसांचेच अंतर असते. परीक्षकास त्या ढिगातून नेमके आधीचे टिपण शोधावे लागते आणि दोन तारखा शेजारी शेजारी ठेवाव्या लागतात. जुन्या वादांत सौदापट्टीवरची तारीख आणि टपालाचा शिक्का जुळवून पाहत, त्यातलाच हा प्रकार. १५ मार्च २०२३ ते १४ मार्च २०२४ ह्या एका वर्षात आपल्या पेटंट कचेरीने एक लाखाहून अधिक पेटंटे दिली हे लक्षात घेता परीक्षकाच्या मेजावरील ओझ्याची कल्पना येईल.

तिसरी पारख अशी की गोष्ट नवी असली तरी जाणकारास सहज सुचण्यासारखी आहे काय. येथे चौथ्या पिढीतील त्या दोन तारखा पुढे येतात. कोणी म्हणाले की ‘पाचव्या पिढीत राखीव खिडकीतून लहान निरोप’ हा माझा शोध, तर परीक्षक २०२० चे मानक पुढे करतो आणि विचारतो की ही रीत एका घरातून दुसऱ्या घरात नेण्यात बुद्धीचे काम ते कोणते? उत्तर द्यावयाचे तर दुसऱ्या घरात अशी कोणती अडचण निघाली जी पहिल्या घरात नव्हतीच, ते दाखवावे लागते. पाचव्या पिढीचा टॉवर एकाच दिशेने नव्हे तर अनेक अरुंद झोतांनी बोलतो, तेव्हा राखीव खिडकी कोणत्या झोतात धरावयाची, हा प्रश्न खरोखर नवा होता, आणि त्यावरील दावे त्यामुळे सबळ ठरू शकतात.

चौथी पारख शब्दांची. ‘लहान निरोप’ म्हणजे किती लहान? मंडीत ‘थोडी ओल’ असे कोणी म्हटले तर भाव ठरत नाही. टक्का सांगावा लागतो. मानकात ह्यासाठी ३२ बाइटांपासून वर जाणाऱ्या पायऱ्या आहेत, आणि कोणती पायरी लागू हे टॉवर सांगतो. दाव्यात नुसते ‘लहान’ लिहिले तर परीक्षक संदिग्धतेचा आक्षेप घेतो. शिवाय वर्णन इतके पूर्ण असले पाहिजे की ते वाचून जाणकारास रीत अमलात आणता यावी, आणि अर्जदारास ठाऊक असलेली उत्तमात उत्तम रीत त्यात सांगितलेली असली पाहिजे. हातचे राखून पेटंट मागता येत नाही. वीस वर्षांचा हक्क हवा तर कसब उघड करा, असा हा सौदाच आहे.

आता भाच्याची हकिकत. त्याचा मूळ विचार गोदामातूनच निघाला. यंत्र भिंतीवर खिळलेले, जागचे हलत नाही. तेव्हा त्यास राखीव खिडकी उत्तम. परंतु हंगामात पोती छतापर्यंत रचली की टॉवराची लहर क्षीण होते. यंत्र नियमाप्रमाणे समजते की आपण हललो, आपली वेळ खोटी झाली, आणि राखीव खिडकी सोडून पुन्हा हाका मारीत बसते. नेमक्या भर हंगामात बॅटरी संपते. ह्याने त्यात हालचाल ओळखणारा एक लहानसा भाग बसविला. लहर क्षीण झाली पण यंत्र हललेले नाही, तर आड काहीतरी आले आहे. अंतर तेच, म्हणून वेळही तीच. खिडकी सोडू नये, फक्त थोडे मोठ्याने बोलावे. प्रयोगशाळेतील लहान टॉवरावर हे उत्तम चालले. आमच्या पेढीवर चाळीस वर्षे पोती रचणाऱ्या हमालांना ह्यातला पहिला भाग ठाऊक होताच; पोत्यांच्या थप्पीमागे मोबाइल लागत नाही, असे ते रोज म्हणत.

त्याने ते यंत्र एका व्यापारी प्रदर्शनात मांडले. आयोजकांनी त्याची मुलाखत घेतली, त्याने उत्साहाने सारे सांगितले, आणि ती चित्रफीत इंटरनेटवर चढली. आम्ही सर्वांनी ती कौतुकाने नातेवाइकांस पाठविली, मीही पाठविली. त्यानंतर सात महिन्यांनी पेटंटाचा अर्ज झाला. पुढे आक्षेपांचा अहवाल आला, त्यात पहिला पुरावा २०२० चे मानक आणि दुसरा पुरावा ती चित्रफीत. तारीख, मिनिट, सेकंद सगळे दिलेले. “हे हलले नाही हे ह्याला स्वतःलाच कळते” हे वाक्य त्याच्याच तोंडचे, त्याच्याच विरुद्ध मांडलेले. आपल्या कायद्यात बारा महिन्यांची सवलत आहे, परंतु ती केंद्र सरकारने राजपत्रात जाहीर केलेल्या प्रदर्शनापुरती किंवा विद्वत्सभेत वाचलेल्या निबंधापुरती आहे. हे प्रदर्शन तशा यादीत नव्हते. अमेरिकेत शोधकाच्या स्वतःच्या प्रकटनास एक वर्षाची मोकळीक असते, असे कोणीतरी त्यास सांगितले होते. ते खरेच आहे, पण अर्ज मुंबईत होता.

मग काय उरले? मुलाखतीत ‘मोठ्याने बोलावे’ एवढेच सांगितले होते; किती मोठ्याने, कोणत्या पायऱ्यांनी, आणि तिसऱ्या खेपेसही उत्तर आले नाही तर खिडकी कधी सोडावयाची, हे सांगितले नव्हते. अर्जाच्या वर्णनात मात्र ते होते. दावे आखडून तेवढ्यावर आणले. राज्य गेले, वाडा राखण्याची खटपट चालू आहे.

सभासदांपैकी बहुतेकांस स्वतः पेटंट घ्यावयाचे नसेल. तरी ह्या विषयाशी त्यांचा दोन बाजूंनी संबंध येतो. कायद्याप्रमाणे पेटंट असलेली वस्तू बनविणाराच नव्हे, तर आयात करणारा, विकणारा, विकावयास मांडणाराही हक्कभंगाचा जबाबदार ठरू शकतो. पीथमपूरच्या कारखान्यांसाठी ट्रॅकर किंवा मीटर मागविणारे आपले काही बंधू आहेत, त्यांनी पुरवठादाराकडून बिलावर किंवा करारात असे लिहून घ्यावे की मालातील चिप व पद्धतींचे परवाने घेतलेले आहेत आणि दावा आल्यास तो पुरवठादार निस्तरील. पेटंट असल्याची आपणांस कल्पना नव्हती आणि असण्याचे कारणही नव्हते असे सिद्ध केल्यास नुकसानभरपाईतून कलम १११ खाली सूट मिळते. मनाई हुकूम मात्र तरीही निघू शकतो. मानकात शिरलेली पेटंटे टाळून वस्तू बनविताच येत नाही, म्हणून त्यांच्या मालकांनी वाजवी आणि भेदभावरहित दराने परवाना देण्याचे आश्वासन दिलेले असते. वाजवी म्हणजे किती, ह्याचे तंटे मोठे असतात. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये एरिक्सन आणि लावा ह्यांच्या दाव्यात २४४ कोटी रुपयांहून अधिक भरपाई ठरविली. तो फोनचा दावा होता. परंतु शंभर रुपयांचा नफा नसलेल्या मीटरावर अशी आकारणी कोणत्या हिशेबाने बसावी, हा प्रश्न लहान यंत्रांच्या बाबतीत अधिक अवघड आहे. जो दर फोनास शोभतो तो गोदामातील डबीस शोभत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी बाजू अशी की कचेरीत आलेला अर्ज प्रसिद्ध झाल्यापासून पेटंट मिळेपर्यंत कोणीही लेखी विरोध नोंदवू शकतो. आता त्यास फी पडते, आणि विरोध विचारात घेण्याजोगा आहे काय हे नियंत्रक आधी पाहतो. पेटंट मिळाल्यावरही एक वर्षापर्यंत हितसंबंधी व्यक्तीस विरोध करता येतो. प्रसिद्ध झालेले अर्ज, आक्षेपांचे अहवाल आणि त्यांना दिलेली उत्तरे कचेरीच्या संकेतस्थळावर फुकट वाचावयास मिळतात. संघाच्या वाचनालयात एका संगणकावर ही सोय दाखविणारे कागदी टिपण लावावे, अशी सूचना मी कार्यकारिणीस केली आहे.

भाच्याची सुनावणी दूरदृश्य पद्धतीने झाली. तो आमच्या पेढीच्या माडीवरच बसला होता आणि खाली तोलकाटा चालू होता. नियंत्रकांनी शांतपणे ऐकून घेतले आणि पायऱ्यांबद्दल दोन प्रश्न विचारले, त्यातल्या एकाचे उत्तर त्यास लगेच देता आले नाही. सुनावणीनंतर पंधरा दिवसांत द्यावयाचे लेखी निवेदन वेळेवर गेले आहे, निकाल यावयाचा आहे. दरम्यान त्याने कपाशीच्या गाठींतील उष्णता मोजणारे दुसरे यंत्र तयार केले. ते गोदामाच्या आतल्या खोलीत कुलपात आहे, किल्ली त्याच्या आईपाशी आहे, आणि अर्जाची पावती येईपर्यंत ते मलाही पाहावयास मिळालेले नाही.